हाड बांधणाऱ्या पेशी, हार्मोन आणि जनुकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज भागातल्या बचत गटांत, तालमींत आणि कॉलेजांत हाडांविषयी बोलायला गेले की चिठ्ठ्या येतात, आणि घरी पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर आणखी प्रश्न आलेले असतात. त्यातले सारखे येणारे इथे एकत्र केले आहेत. मी जीवशास्त्र शिकवते, औषध लिहून देत नाही. त्यामुळे गोळी सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारून करा.

१. मॅडम, हाड म्हणजे दगडासारखी वस्तू. त्यात जिवंत काय असतं?

बरंच काही. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी असतात, त्या ऑस्टिओक्लास्ट. त्या जागी नवं हाड घालणाऱ्या असतात, त्या ऑस्टिओब्लास्ट. आणि नवं हाड घालता घालता त्यातच गाडल्या गेलेल्या, पण जिवंत राहून आतून खबर देणाऱ्या असतात, त्या ऑस्टिओसाइट. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला साधारण १० टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो. एका ठिकाणचं खरवडणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरून काढायला मात्र तीन-चार महिने लागतात. पाडणं झटपट आणि बांधणं सावकाश, हा फरक लक्षात ठेवा. पुढची अर्धी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

२. जनुकं सगळ्या पेशींत सारखीच असतात म्हणे. मग हाड फक्त हाडाचीच पेशी कशी बनवते?

प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं यकृताच्या पेशीतही असतात आणि हाडाच्याही. फरक पडतो तो त्यातली कुठली चालू आणि कुठली बंद यामुळे. अस्थिमज्जेतली मूळ पेशी चरबीची होऊ शकते, कूर्चेची होऊ शकते किंवा हाडाची. तिच्यात रन्क्स-२ नावाचं जनुक जोर धरतं तेव्हा ती हाडाच्या वाटेला लागते. त्यानंतर ऑस्टेरिक्स हे दुसरं जनुक चालू होतं. मग कोलॅजन, अल्कलाइन फॉस्फटेज, ऑस्टिओकॅल्सिन या हाडाच्या कामाच्या प्रथिनांची जनुकं चालू होतात आणि पेशी कामाला लागते.

१९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी रन्क्स-२ काढून टाकलेले उंदीर तयार केले. पिल्लांचा सांगाडा पूर्ण होता, पण सगळा कूर्चेचा. हाड नावालाही नाही. बरगड्या मऊ, त्यामुळे श्वास घेता येईना, आणि पिल्लं जन्मताच गेली. माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली तर माणूस जगतो, पण गळ्याखालची हाडं अर्धवट असतात किंवा नसतातच. अशा काहींना दोन्ही खांदे छातीसमोर आणून एकमेकांना टेकवता येतात.

३. हार्मोन रक्तात फिरतं, जनुक पेशीच्या पोटात. मग हुकूम पोचतो कसा?

दोन वाटा आहेत.

इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल आणि क्रियाशील डी व्हिटॅमिन ही स्निग्धात विरघळणारी मंडळी. ती पेशीच्या आवरणातून थेट आत जातात आणि आपापल्या रिसेप्टरला, म्हणजे त्यांना ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात. मग तो रिसेप्टर स्वतःच डीएनएवर जाऊन बसतो. कुठेही बसत नाही, ठरलेल्या जागीच बसतो. डी व्हिटॅमिनचा रिसेप्टर आरएक्सआर नावाच्या जोडीदाराला घेऊन अशी जागा शोधतो, जिथे ए-जी-जी-टी-सी-ए ही किंवा तिच्यासारखी सहा अक्षरं आहेत, मग तीन कुठलीही अक्षरं, मग पुन्हा तशीच सहा. ही जोडी बसली की मदतनीस प्रथिनं गोळा होतात, गुंडाळलेला डीएनए सैल करतात आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. मदतनिसांऐवजी अडवणारी प्रथिनं आली तर तेच जनुक बंद होतं.

दुसरी वाट गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हार्मोनची, म्हणजे पीटीएचची. ते ८४ अमिनो आम्लांचं, त्याला आवरण ओलांडता येत नाही. ते बाहेरच्या रिसेप्टरला धरतं. मग आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो, तो प्रोटीन कायनेज ए या एन्झाइमला जागं करतो आणि ते एन्झाइम क्रेबसारख्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसलेली प्रथिनं जनुकं चालू करतात.

जनुकाची नक्कल निघायला मिनिटं ते तास लागतात, हाड भरायला महिने. म्हणूनच पंधरा दिवस गोळी घेऊन “फरक पडला नाही” म्हणण्यात अर्थ नसतो.

४. आम्ही द्राक्षाला जीए देतो तसं हार्मोन देऊन हाड फुगवता येईल का?

तासगावकडून हा प्रश्न एकदा तरी येतोच, आणि मला तो आवडतो, कारण विचारणाऱ्याला अर्धं उत्तर आधीच माहीत असतं. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वनस्पतीचं हार्मोन. वाढीची जनुकं दाबून धरणारी डेला नावाची प्रथिनं वनस्पतीच्या पेशीत असतात. जीए आलं की ती मोडीत निघतात आणि जनुकं मोकळी होतात. म्हणजे जीए मणी फुगवत नाही, अडवणारा बाजूला करतं. हाडातही असा एक अडवणारा आहे, स्क्लेरोस्टिन. त्याची हकीगत प्रश्न १२ मध्ये आहे.

पण डिपिंग (घड जीएच्या द्रावणात बुडवणं) कधी आणि किती पीपीएमने करायचं हे चुकलं तर घडाचं काय होतं ते बागायतदाराला मी सांगायची गरज नाही. हाडाच्या हार्मोनचंही तेच आहे. अमुक हार्मोन हाडाला चांगलं की वाईट, असं कोणी विचारलं की मी उलट विचारते : किती, किती वेळ आणि कुठल्या पेशीत? ते कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

जाता जाता : माणसाच्या पेशीत जिबरेलिनचा रिसेप्टर नाही, त्यामुळे द्राक्ष खाऊन तुमच्या हाडांना त्याचा हुकूम जाणार नाही.

५. डी व्हिटॅमिन हे व्हिटॅमिन की हार्मोन? आणि ते हाड बांधतं ना?

कातडीत उन्हाने तयार होतं ते कच्चं रूप. यकृतात त्याचं २५-हायड्रॉक्सी रूप होतं, लॅबच्या रिपोर्टवर येतं ते हेच. मूत्रपिंडात त्यावर शेवटचा हात फिरतो आणि कॅल्सिट्रायॉल तयार होतं. ते रक्तातून दूरच्या पेशींत जाऊन जनुकं हलवतं, म्हणजे काम हार्मोनचंच करतं.

माणसाच्या ऑस्टिओब्लास्टमध्ये ते ऑस्टिओकॅल्सिनचं जनुक चालू करतं हे खरं. पण त्याचं सगळ्यात मोठं काम हाडात नाही, आतड्यात आहे : कॅल्शियम शोषून घेणारी जनुकं चालू करणं. डी व्हिटॅमिनचा रिसेप्टरच नसलेल्या उंदरांना मुडदूस होतो, पण त्यांना भरपूर कॅल्शियम, फॉस्फेट आणि लॅक्टोज असलेला खास आहार दिला की हाडं जवळजवळ नीट होतात. रिसेप्टर तरीही नसतोच! म्हणजे हाडाला आधी माल लागतो. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेव्हा भाकरीला कमी लेखू नका.

६. आम्ही दिवसभर रानात असतो, तरी रिपोर्टमध्ये डी कमी कसं?

रानात असणं आणि कातडीवर ऊन पडणं यात फरक आहे. द्राक्षाच्या मांडवाखाली विरळणी करणाऱ्या बाईच्या डोक्यावर पानांचं छत, अंगात साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला स्कार्फ. उघडे राहतात ते डोळे आणि बोटं. शिवाय कामाला जाताना सकाळचं कोवळं ऊन अंगावर येतं, त्यात लागणारे यूव्हीबी किरण फारच कमी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते त्या वेळचं ऊन उपयोगाचं, आणि सावळ्या कातडीला ते गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतं.

७. मग डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याऐवजी रोज घेतली तर हाडं लवकर भरतील?

नाही. उलटं होईल. डी व्हिटॅमिन प्रमाणाबाहेर गेलं की हाड बांधणाऱ्या पेशींच्या घराण्यातच रँकल नावाच्या प्रथिनाचं जनुक जोरात चालतं. रँकल म्हणजे हाड खरवडणाऱ्यांना निमंत्रण. हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं. मग भूक मरते, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, गोंधळल्यासारखं होणं आणि मूत्रपिंडाला इजा.

शरीराकडे याचा बंदोबस्त आहे. डी व्हिटॅमिन स्वतःलाच मोडणाऱ्या एन्झाइमचं जनुकही चालू करतं. पण रोजच्या ६०,००० पुढे हा बंदोबस्त अपुरा पडतो. पुडी घेत असतानाच कोणी ६ लाखांचं इंजेक्शनही टोचून गेलं असेल तर दोन्हींची नोंद एकाच डॉक्टरला दाखवा.

८. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ का होतात?

इस्ट्रोजेन असतं तोवर ते रँकलला लगाम घालतं आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन या प्रथिनाला बळ देतं. रँकल आपल्या ठिकाणी पोचण्याआधी त्याला मधेच धरून ठेवणारं ते प्रथिन. याचा शोध १९९७ चा, रँकलची ओळख १९९८ ची. त्याआधी इस्ट्रोजेन आणि हाडं यांचा संबंध माहीत होता, १९४१ मध्ये अमेरिकन डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी तो मांडला होता, पण मधली कडी हाती नव्हती.

इस्ट्रोजेन गेलं की खरवडणाऱ्या पेशी वाढतात आणि जास्त दिवस जगतात. बांधणाऱ्या पेशींचंही काम वाढतं बरं का, पण प्रश्न १ मधला हिशेब आठवा : खड्डा तीन आठवड्यांत, भरणी चार महिन्यांत. खड्डेच जास्त पडू लागले की भरणी मागे पडत जाते. पाळी बंद होण्याच्या आसपासची पहिली काही वर्षं हा वेग सगळ्यात जास्त असतो.

९. माझी पिशवी चाळिशीच्या आधीच काढली. म्हणजे माझी हाडं आत्तापासूनच गेली का?

काय काढलं यावर आहे. इस्ट्रोजेन गर्भपिशवीत तयार होत नाही, अंडाशयात होतं. नुसती पिशवी काढली असेल तर पाळी थांबते, पण इस्ट्रोजेन चालू राहतं. मात्र अशा बायकांत अंडाशयांचं काम थोडं लवकर मंदावू शकतं. दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर इस्ट्रोजेन एकदम कोसळतं आणि प्रश्न ८ मध्ये जे पन्नाशीला सुरू होतं ते तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षीच सुरू होतं.

बहुतेक बायकांना काय काढलं ते कोणी नीट सांगितलेलंच नसतं. “सगळं काढून टाकलंय” एवढंच घरच्यांना कळवलेलं असतं. याचा मला राग येतो. डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर टीएएच लिहिलं असेल तर पोटातून गर्भपिशवी काढली. पुढे बीएसओ असेल तर दोन्ही बाजूंची अंडाशयं आणि नळ्याही काढल्या. बीएसओ असेल आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर हे कार्ड घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि हाडांविषयी आपण होऊन विचारा.

१०. हे सगळं बायकांचं झालं. पुरुषांना टेस्टोस्टेरॉन पुरतं ना?

पुरत नाही. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या माणसाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, इस्ट्रोजेनही होतं, पण इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरचं जनुकच बिघडलेलं. उंची २०४ सेंटिमीटर, आणि अजून वाढतच होती, कारण लांब हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्या मिटल्याच नव्हत्या. एवढा उंच माणूस आणि हाडं विरळ. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग ॲरोमॅटेज या एन्झाइमने इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि पुरुषाच्या हाडालाही इस्ट्रोजेन लागतं हे या एका माणसामुळे पक्कं झालं.

११. वस्ताद म्हणतात स्टिरॉइडने हाडं मोडतात, जिमवाला म्हणतो स्टिरॉइडने अंग भरतं. खरं कोण?

दोघं वेगवेगळ्या औषधांविषयी बोलतायत.

जिमवाल्याचं इंजेक्शन टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं, ते अँड्रोजेन रिसेप्टरवर बसतं. वाढीच्या वयातल्या पोराला ते दिलं तर त्यातल्या बऱ्याच प्रकारांचं इस्ट्रोजेन होतं आणि वाढीच्या पट्ट्या लवकर मिटतात, म्हणजे प्रश्न १० च्या बरोबर उलट. उंची तिथेच थांबते. शिवाय बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं बंद करतं. सोळा-सतरा वर्षांच्या पैलवानाला हे देणाऱ्याला मी हितचिंतक म्हणणार नाही.

वस्ताद म्हणतात ते दमा, संधिवात यांसाठी दिलं जाणारं प्रेडनिसोलोन वगैरे. ते कॉर्टिसॉलच्या जातीचं. त्याचा रिसेप्टर पेशीद्रवात हीट शॉक प्रथिनांच्या ताब्यात बसलेला असतो. औषध आलं की सुटतो आणि केंद्रकात जातो. ऑस्टिओब्लास्टमध्ये तो कोलॅजन आणि ऑस्टिओकॅल्सिनची जनुकं दाबतो, डीकेके-१ या अडवणाऱ्या प्रथिनाचं जनुक वाढवतो आणि मज्जेतल्या मूळ पेशींना चरबीच्या वाटेला लावतो. ऑस्टिओब्लास्ट आणि ऑस्टिओसाइट मरूही लागतात. हाडाची सगळ्यात जास्त हानी पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, त्यामुळे गोळी तीन महिने किंवा अधिक चालणार असेल तर हाडांचा विषय सुरुवातीलाच काढायचा. दम्याच्या पंपातून जाणारी मात्रा फार कमी असते, तिला घाबरून पंप टाकू नका.

दोन गोष्टी निक्षून. हे वाचून प्रेडनिसोलोन एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेल्याची अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरची, कॉर्टिसॉल बनवणारी) झोपलेली असते, एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. आणि बाजारात गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या : अशा “जडीबुटी”त स्टिरॉइड मिसळल्याचं देशात अनेकदा सापडलं आहे. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर संशय घ्या.

१२. पीटीएच हाड झिजवतं असं पुस्तकात आहे, आणि माझ्या आजीला हाड वाढवायला तेच टोचतायत. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. सगळ्या पानातला सर्वात अवघड प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर.

पॅराथायरॉइड ग्रंथीत गाठ झाली की पीटीएच दिवसरात्र वाढलेलं राहतं. तेव्हा ऑस्टिओब्लास्टच्या घराण्यात रँकल चढतं, ऑस्टिओप्रोटेजेरिन उतरतं आणि हाड झिजतं. पुस्तकातलं वाक्य या अवस्थेचं.

आजीचं औषध बहुधा टेरिपॅराटाइड असेल, म्हणजे पीटीएचमधली पहिली ३४ अमिनो आम्लं. रोज २० मायक्रोग्रॅम, कातडीखाली, एकदाच. तीन-चार तासांत ते रक्तातून जवळजवळ नाहीसं होतं. एवढ्या छोट्या झटक्यात ऑस्टिओसाइटमधलं सॉस्ट जनुक दबतं. त्या जनुकाचं प्रथिन म्हणजे स्क्लेरोस्टिन, आणि त्याचं काम डब्ल्यूएनटी या हाड बांधण्याच्या संदेशाला अडवणं. अडवणारा बाजूला झाला, रन्क्स-२ ला जोर आला, ऑस्टिओब्लास्ट जास्त दिवस जगले, की भरणी खड्ड्यांच्या पुढे जाते. रँकल थोडं वाढतंच, पण जम बसवण्याआधी औषध संपलेलं असतं.

ही गोष्ट नवी नाही. हान्स सेल्ये या संशोधकांनी १९३२ मध्येच उंदरांना पॅराथायरॉइडचा अर्क देऊन नवं हाड तयार होतं हे दाखवलं होतं. औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळायला २००२ उजाडलं. सॉस्ट जनुक जन्मतःच निकामी असलेली कुटुंबं दक्षिण आफ्रिकेत आढळली, त्यांची हाडं कमालीची दाट. त्या धाग्यावरून स्क्लेरोस्टिनला थेट पकडणारं रोमोसोझुमॅब आलं, २०१९ मध्ये.

आजीचा कोर्स संपला की पुढचं औषध कुठलं, हे आत्ताच विचारून ठेवा. टेरिपॅराटाइड थांबवून नुसतं बसलं तर कमावलेलं हाड हळूहळू जातं.

१३. बीएस्सीला आहे. प्रयोगशाळेत ऑस्टिओब्लास्ट तयार करायला डेक्सामेथासोन घालतात. ते तर स्टिरॉइड! प्रश्न ११ शी जुळत नाही.

छान पकडलंत. मूळ पेशींना हाडाकडे वळवताना व्हिटॅमिन सी, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि अगदी थोडं डेक्सामेथासोन घालतात. सी कोलॅजनसाठी, ग्लिसरोफॉस्फेट फॉस्फेटसाठी, आणि डेक्सामेथासोन कोवळ्या पेशीला वाटेला लावायला. शरीरातही थोडं कॉर्टिसॉल हाडाला लागतं. उंदरांच्या फक्त ऑस्टिओब्लास्टमध्ये हे हार्मोन निकामी करणारं एन्झाइम घातलं, तर कवटीची हाडं नीट वाढत नाहीत. आणि अशाच उंदरांना मोठ्या डोसचं स्टिरॉइड दिलं तर त्यांचे ऑस्टिओब्लास्ट वाचतात. कमी मात्रा आणि कोवळी पेशी, जास्त मात्रा आणि पिकलेली पेशी, दोन्हीत रिसेप्टर तोच.

१४. उंदरावरचा निष्कर्ष माणसाला लावायचा का?

सांभाळून. प्रश्न ५ मधलं ऑस्टिओकॅल्सिनच घ्या. कॅल्सिट्रायॉल दिलं की माणसाचं ते जनुक चढतं, उंदराचं दबतं. तेच हार्मोन, तोच रिसेप्टर, पण जनुकाशेजारची डीएनएची अक्षरं वेगळी. परीक्षेत “डी व्हिटॅमिन ऑस्टिओकॅल्सिन वाढवतं” लिहिताना प्राणी कोणता तेही लिहा.

१५. थायरॉइडच्या गोळीने हाडं झिजतात का?

रिपोर्ट पाहून बरोबर ठरवलेल्या डोसने नाही. डोस जास्त होऊन रिपोर्टमधला टीएसएच बराच काळ दबलेला राहिला तर हाडाची उलाढाल वाढते आणि झीज होते, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत. टीएसएचची तपासणी चुकवू नका.

१६. व्यायामाचा आणि जनुकांचा काय संबंध? ते काही हार्मोन नाही.

हार्मोन नाही, पण जनुक तेच. हाडावर भार पडला की ऑस्टिओसाइटला तो जाणवतो आणि सॉस्ट दबतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसात ते चढतं. पोहणं हृदयाला उत्तम, हाडाला मात्र जिना, चढ, उड्या आणि वजन जास्त मानवतं. म्हाताऱ्या माणसांनी उड्यांच्या भानगडीत पडू नये, चालणं आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम पुरेत.

१७. हाडांसाठी जनुकांची तपासणी करून घेऊ का?

ठिसूळपणाच्या नेहमीच्या तक्रारीसाठी नको. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी, करा. टी-स्कोर (तरुण निरोगी हाडाशी केलेली तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. घरात लहानपणापासून वारंवार हाडं मोडणारी माणसं असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा तज्ज्ञ स्वतःच जनुक तपासणी सुचवतात.

१८. रिपोर्टवर अल्कलाइन फॉस्फटेज लाल अक्षरात आलंय. हाडाचा आजार आहे का?

आधी वय बघा. हे एन्झाइम ऑस्टिओब्लास्ट बनवतात, पण यकृतही बनवतं. वाढत्या मुलांत ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि लॅबने शेजारी मोठ्यांची मर्यादा छापली असेल तर ते लाल दिसणारच. हाड मोडून जुळत असताना काही आठवडे ते वाढतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतूनही येतं. मोठ्या माणसात यातलं काहीच नसेल तर डॉक्टर जीजीटी हे यकृताचं दुसरं एन्झाइम बघतात : तेही वाढलेलं असेल तर बोट यकृताकडे, ते नॉर्मल असेल तर हाडाकडे, आणि आपल्याकडे मग पहिली तपासणी बहुधा डी व्हिटॅमिनचीच होते.